बाहेरच्या खोलीतली शिकार

डिसेंबर लागला की बंगळूरच्या बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग पडतात आणि मी चिडचिडी होते. शेंगांचा यात काही दोष नाही. पावट्याच्या भावकीतली ही शेंग. धुक्यात आणि थंडीत वाढली की तिच्या सालीला तेलकट, उग्र असा वास सुटतो, त्याला कानडीत सोगडु म्हणतात. सोलणाऱ्याच्या बोटांना तो दोन दिवस चिकटून बसतो आणि साबणाला दाद देत नाही. परवा नेहाचा फोन आला तेव्हा माझी बोटं नेमकी तशीच होती. नेहा म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, एचएसआर लेआउटमध्ये राहते, आणि तिला सातवा लागलाय.

‘‘मावशीआजी, तो फोटो तुझ्याकडेच आहे ना? आजी धनुष्यबाण घेऊन बसलीय तो? मला डोहाळजेवणाला सेम थीम करायचीय. इतका क्यूट आहे तो.’’

क्यूट. त्या फोटोपायी आमच्या घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं, हे तिला कसं सांगावं? ‘बघते’ म्हटलं आणि फोन ठेवला. बघायचं काही नव्हतं. फोटो कपाटात कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. पण तो हातात घेतला की त्या हिवाळ्यातला सगळा वैताग पुन्हा नव्यानं येतो, आणि या वयात तो झेपत नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही मल्लेश्वरला राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे, आणि घरी आल्यावरही जगाकडे नकाशासारखंच बघायचे. मशिनं बसवायला आलेला एक अमेरिकन तंत्रज्ञ परत जाताना आपलं सामान वाटून गेला. कोणाला रेडिओ मिळाला, कोणाला टेबलफॅन. अण्णांना चित्र मिळालं. आईचं ठाम मत होतं की त्यांनी ते मागून घेतलं असणार. ‘‘पंखा मागायची बुद्धी व्हायची नाही तुम्हांला,’’ ती म्हणाली.

चित्र छापील होतं, पण चौकट चांगली जाडजूड, आणि आकार एवढा की बाहेरच्या खोलीची एक भिंत त्यानंच भरली. गुडघ्याएवढं पिवळं गवत, थेट आभाळाला टेकेपर्यंत. झाड नाही, घर नाही, डोंगर नाही. दोन टोपीवाले. एकानं बंदूक खांद्याला लावलेली, दुसरा वाकून आपल्या बंदुकीत दारू ठासतोय. दोन कुत्री. आणि गवतातून एकदम उठलेला पाखरांचा थवा, त्यातलं एक खाली पडतंय. मागे चिकटवलेल्या कागदावर अण्णांना माहिती सापडली. अमेरिकेत गोऱ्यांची वस्ती जिथं संपायची, त्या सरहद्दीपलीकडच्या माळरानावर हा चित्रकार शिकाऱ्यांबरोबर हिंडला होता, आणि तिकडे कसं असतं ते शहरातल्या लोकांना कळावं म्हणून त्यानं अशी चित्रं काढली होती. या पाखरांना ‘प्रेअरी चिकन’ म्हणतात असंही त्या कागदावर होतं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि तिथंच घात झाला.

‘‘चिकन?’’ आई म्हणाली. ‘‘म्हणजे आपल्या बाहेरच्या खोलीत कोंबड्या मारताहेत?’’

आमच्या घरात चातुर्मासात वांगंसुद्धा येत नसे. अण्णांनी रानपाखरू आणि कोंबडी यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण आईच्या लेखी जे मारलं जातंय ते मारलं जातंय, त्याची जात विचारायचं कारण नव्हतं.

तोवर हे भांडण साधं होतं. नवराबायकोत एक कायमचं भांडण लागतं, ते मिळालं, एवढंच. नोव्हेंबरात ताई बाळंतपणाला आली आणि सगळं बिघडलं. कुमुदताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, धारवाडला दिलेली. आदल्या वर्षी तिला मुलगा झाला होता. खरं तर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची रीत, पण ऐन वेळी अण्णांना कावीळ झाली आणि ताई सासरीच राहिली. मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशीचं बारसं झालं नाही म्हणून त्याला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून त्याच्याविषयी बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे ‘मागच्या वेळी’ असं म्हणत, तेही आवाज खाली घेऊन. आपण तिला तेव्हा आणलं नाही, हे आईला खात होतं. म्हणून यंदा तिनं कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं, आणि त्या कसर न ठेवण्यात आम्ही सगळे भरडले गेलो.

शेजारच्या पद्मक्का त्याच दिवाळीत राहायला आल्या होत्या. त्या बेळगावकडच्या, मराठी बोलायच्या ती कानडी हेल काढून. रोज दुपारी आमच्या ओट्यावर शेंगा सोलायला यायच्या. पहिल्याच दिवशी ताईकडे बघून त्यांनी आईला विचारलं, ‘‘पहिलंच की काय हो हिचं?’’

‘‘हो, पहिलंच,’’ आई म्हणाली आणि शेंगांची टोपली पुढे ओढली.

ताईचे हात थांबले. तिनं आईकडे बघितलं, मग हातातली शेंग न सोलताच सालींच्या ढिगात टाकली. मी समोरच बसले होते. मला आईचा भयंकर राग आला. त्या वयात राग यायला वेळ लागत नसे आणि बोलायला धीर होत नसे.

गरोदर बाईनं सकाळ-संध्याकाळ सुंदर चित्रं बघावीत, म्हणजे मूल तसं निपजतं, ही समजूत काही आईनं काढलेली नव्हती. पण ती अमलात आणण्याचा उत्साह तिचा स्वतःचा होता. तिनं जमतील तेवढे बाळकृष्ण गोळा केले. रांगणारा, लोणी खाणारा, पिंपळपानावर अंगठा चोखणारा. ते संपल्यावर दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीतलं एक गुबगुबीत बाळही कात्रीनं कापून दाराला लावलं. ताई चहाचा पेला घेऊन कुठंही बसली तरी कुठलं ना कुठलं बाळ तिच्याकडे टक लावून बघतच असायचं. ज्या बाईचं मूल गेलंय तिला सकाळी उठल्यापासून हे दाखवायचं नसतं, हे घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला फक्त खिळे ठोकायचा कंटाळा आला होता, कारण स्टुलावर चढायचं काम माझं होतं.

आणि शिकारीचं चित्र जाणार हे ठरलेलंच होतं. पण अण्णा हटले. ते ट्रेसिंग पेपर घेऊन आले, चित्रावर टाचण्यांनी लावला, गुण्या आणि पट्टी घेतली आणि बंदुकीच्या नळीची रेघ पुढे वाढवली. रेघ थव्याच्या वरून, चांगली वीतभर अंतरावरून निघून गेली.

‘‘बघ,’’ ते आईला म्हणाले. ‘‘याचा नेम चुकलेला आहे. यातलं एकही पाखरू मरणार नाही. आता तर झालं?’’

आईनं चष्मा लावून रेघ नीट पाहिली. ‘‘मग हे पडतंय ते कशानं? पाय घसरून?’’

‘‘ते दुसऱ्याच्या गोळीनं. म्हणून तर तो पुन्हा दारू भरतोय.’’

‘‘म्हणजे एक तरी मेलंच ना,’’ आई म्हणाली, आणि वाद तिथं संपला. निदान तिच्यापुरता.

मग रोजचा एक खेळ सुरू झाला. सकाळी अण्णा कारखान्यात गेले की आई मला स्टुलावर चढवायची आणि चित्र भिंतीकडे तोंड करून लावायला लावायची. संध्याकाळी अण्णा आले की मला स्टुलावर चढवायचे आणि ते सुलटं करायला लावायचे. चौकट दहा शेर तरी असेल. माझी इंटरची परीक्षा तोंडावर आलेली. दोघंही सुशिक्षित, दोघंही शहाणी, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलायचं असलं की मध्ये चित्र लागायचं. भर दुपारी आईचा डोळा लागला की ताई हळूच म्हणायची, ‘‘शकू, फिरव ना गं जरा.’’ आणि आई उठायच्या आत पुन्हा उलटं. म्हणजे दिवसातून चारदा.

ताई त्या चित्रासमोर तासन्‌तास बसायची. हे मला कळत नसे. मांजरानं उंदीर धरला तरी खोलीबाहेर जाणारी ही बाई शिकार काय बघत बसते?

एका रविवारी उजाडता उजाडता अण्णांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून हेब्बाळच्या तळ्यावर नेलं. चित्रकारानं थवा बरोबर काढलाय की नाही, ते त्यांना खऱ्या पाखरांवर ताडून बघायचं होतं. ताईलाही यायचं होतं, पण तिला फाटकाबाहेरसुद्धा सोडत नसत. थंडी मरणाची. तळ्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसेना. नाक गळतंय, शेंगांचा वास येणाऱ्या शालीत मी तोंड खुपसून उभी, आणि अण्णा वही काढून तयार. कडेला एक धोबी होता, त्यानं पहिला कपडा दगडावर आपटला, तशी बदकं उठली. काहींचे पंख वर, काहींचे खाली, काहींचे अर्धवट मिटलेले. दोनचार सेकंदांत सगळं आटोपलं. अण्णांनी भराभर रेघा ओढल्या आणि येताना वाटभर आपल्याशीच मान हलवत राहिले.

‘‘मनुष्य तिथं उभा होता,’’ घरी आल्यावर ते ताईला म्हणाले. ‘‘घरी बसून काढलेलं नाही हे. प्रत्येक पंख निराळा आहे.’’

‘‘आणि पडताना कसं दिसतं ते बघितलंत?’’ ताईनं विचारलं.

‘‘कसं बघणार? कोणी मारलंच नाही.’’

अण्णा आंघोळीला गेले. ताईनं मला हाताला धरून चित्राजवळ नेलं आणि पडणाऱ्या पाखरावर बोट ठेवलं. ‘‘हे बघ. उडणारी सगळी त्यानं दोन-दोन फटकाऱ्यांत उरकलीत. हे एकच नीट काढलंय. पीस न्‌ पीस. मान कशी वळलीय बघ. पोटाखालचा पांढरा भाग बघ. तो किती वेळ बघत राहिला असेल याच्याकडे.’’

मी बघितलं. खरंच होतं. अण्णांच्या गुण्याला आणि पट्टीला जे सापडलं नाही ते हिला सापडलं होतं. मी म्हटलं, ‘‘मग?’’

‘‘मग काही नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘त्यानं बघितलं, एवढंच.’’

मला हे तेव्हा कळायला हवं होतं. सतरा वर्षांची घोडी होते मी, लॉजिकमध्ये वर्गात पहिली. पण माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं की आता संध्याकाळी पुन्हा स्टुलावर चढायचंय.

मग डोहाळजेवण निघालं. वास्तविक डोहाळजेवण पहिल्या वेळचं. ताईचं धारवाडला थाटात झालेलं होतं. पण मागचं धरायचंच नाही म्हटल्यावर हे पहिलं, आणि पहिलं म्हटल्यावर सगळं साग्रसंगीत. आईनं बनातलं डोहाळजेवण करायचं ठरवलं. म्हणजे मागे झाडंझुडपं, मुलगी हिरव्या साडीत, अंगावर फुलांची वाडी, आणि हातात धनुष्यबाण. अण्णांनी वेताचं धनुष्य केलं, तेही मोजमाप घेऊन, आणि त्याला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद गुंडाळला.

‘‘आई, धनुष्यबाण कशासाठी असतो गं?’’ मी विचारलं.

‘‘फोटोसाठी,’’ आई म्हणाली. ‘‘आणि तू तोंड सांभाळ.’’

आता बनाला पाठीमागे काहीतरी पाहिजे. चुन्याची भिंत चालेना. ताई सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, ‘‘ते चित्र ठेवा की मागे. गवत आहे, आभाळ आहे.’’ मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण सातव्या महिन्यातल्या मुलीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हाही आईचाच नियम. ती कात्रीत सापडली. बराच वेळ चित्रापुढे उभी राहून तिनं तोड काढली. माणसं, बंदुका आणि पडणारं पाखरू झाकायचं. गवत, आभाळ आणि उडणारी पाखरं राहतील. पद्मक्कांच्या परसातून क्रोटनच्या फांद्या आल्या आणि ती शिकार झाकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पंधरा बायका जमल्या. गाणी झाली. ओटी भरली. झाकलेल्या दोन वाट्यांतून ताईनं बर्फीची वाटी उचलली, म्हणजे मुलगी, त्यावर हशा पिकला. पद्मक्का तिच्या डोक्यात शेवंती खोवत म्हणाल्या, ‘‘पहिलटकरणीचं तेजच न्यारं असतंय की.’’ ताईनं मान खाली घातली. बायकांना वाटलं, लाजली. फोटोवाला काळ्या कापडात शिरला, पुन्हा बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘स्वल्प नगि, अम्मा.’’ म्हणजे जरा हसा. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. पंधरा जणींच्या पानांत कोशिंबीर वाढत होते, त्यामुळे बाहेर काय झालं ते मला दिसलं नाही.

चार दिवसांनी फोटो आला. आईनं तो उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला. ताईच्या डाव्या खांद्यावर, क्रोटनची पानं बाजूला होऊन, ते पाखरू स्वच्छ आलं होतं. पडणारं. खालून धनुष्य, वर पाखरू. हिनंच मारलंय असं वाटावं.

‘‘हे काय गं शकू?’’ आई माझ्याकडे वळली. ‘‘एक काम धड होत नाही तुझ्याच्यानं?’’

मी उसळले. महिनाभराचं सगळं बाहेर आलं. स्टूल, खिळे, बाळकृष्ण, दहा शेरांची चौकट. ‘‘मी नीट बांधली होती फांदी,’’ मी म्हणाले. ‘‘सुतळीनं. दोन गाठी मारून.’’

‘‘मी सोडली,’’ ताई म्हणाली.

ती खुर्चीत बसली होती. आवाज चढलेला नव्हता.

‘‘तू? कधी?’’

‘‘फोटोवाला हसा म्हणाला तेव्हा.’’

‘‘अगं पण असलं अभद्र कशाला...’’

‘‘आई, धारवाडला माझ्या पलंगासमोर बाळकृष्णच होता. चांदीच्या चौकटीतला. नऊ महिने मी त्याच्याकडेच बघत होते. काय झालं?’’

अण्णा ऑफिसला निघाले होते, ते डबा हातात धरून दारातच थांबले.

‘‘मला दुसऱ्यांदा पहिलटकरीण करू नका,’’ ताई म्हणाली. ‘‘माझं पहिलं झालंय. तो नऊ दिवस होता. दूध प्यायचा. त्याच्या उजव्या कानाची पाळी चिकटलेली होती. पाचव्या दिवशीच मी त्याचं नाव ठेवलं होतं, मनातल्या मनात. तुम्ही कोणी विचारलंच नाहीत.’’

‘‘काय ठेवलं होतंस?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘श्रीधर.’’

आई उठली आणि आत गेली. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. अण्णांनी हातातला डबा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, आणि कारखान्यात निघून गेले. आठ दिवस घरात मीठ-मिरचीपलीकडे कोणी बोललं नाही. एक झालं, चित्र सुलटं राहिलं. मला स्टुलावर चढायला कोणी सांगेना, आणि त्याचा आनंदही होईना.

मला आईचा राग आला होता. आपल्या भीतीपायी तिनं मुलीचं दुःख कपाटात ढकललं म्हणून. अण्णांचा आला होता, गोळीची रेघ काढली आणि मुलीचा चेहरा बघितला नाही म्हणून. पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. दोन महिने मी ताईच्या शेजारी अंथरूण घालून झोपत होते. ‘तो कसा होता गं?’ एवढं विचारायला माझं काय जात होतं? मी माझ्या दुखणाऱ्या खांद्यांचं रडगाणं तिला ऐकवत होते. तिकडे कुठल्या परमुलखात एक अनोळखी चित्रकार एका मरणाऱ्या पाखराजवळ थांबला, आणि इकडे आम्ही सख्खी माणसं लगबगीनं फांद्या बांधत होतो. लोक म्हणतात, जुन्या काळी घरात कसं सगळं न बोलता कळायचं. काही कळत नसे. न बोलता फक्त न बोलणंच व्हायचं.

पुढे बोलणं सुरू झालं, सगळ्या घरांत होतं तसं, भाजी काय करायची इथपासून. पण श्रीधर हे नाव कोणी पुन्हा काढलं नाही. संक्रांत गेली, अवरेच्या शेंगा बाजारातून नाहीशा झाल्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ताईच्या पोटात दुखायला लागलं. अण्णांनी टांगा आणला आणि आम्ही तिला इस्पितळात नेलं. तिला आत घेतलं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर. आईच्या हातात रिकामी पिशवी होती, ती तिची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती.

थोड्या वेळानं एक नर्स रजिस्टर घेऊन आली. घरात कानडी त्यातल्या त्यात मला बरं यायचं, म्हणून तिनं मलाच विचारलं. नाव, वय, पत्ता. मग म्हणाली, पहिलं बाळंतपण का? मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. सवयीनं.

आईनं माझ्या दंडावर हात ठेवला. ‘‘एरडने,’’ ती म्हणाली. दुसरं.

नर्सनं लिहिलं. ‘‘पहिलं मूल?’’

‘‘गंडु,’’ आई म्हणाली. मुलगा. ‘‘गेला. श्रीधर.’’

नर्सनं मान वर केली. नाव नको, ती म्हणाली, गेलेल्याच्या नावाला यात रकाना नाही. आईचं कानडी इथं संपलं. तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, उठून नर्सजवळ गेली, आणि रजिस्टरच्या कोऱ्या समासावर बोट ठेवून मराठीत म्हणाली, ‘‘मग इथं कडेला लिही बाई. तो थोरला आहे.’’